एक मेची दोरी

एक मेला मला शुभेच्छा पाठवू नका. पाठवल्यात तर मी उत्तर देणार नाही, आणि त्याखाली 'आपल्या वेळचा उत्साह आता राहिला नाही' असं लिहिलेलं असेल तर मात्र नक्की देईन. ते तुम्हाला झेपणार नाही.

एप्रिल संपत आला की दरवर्षी हे सुरू होतं. इमारतीच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, बँकेतल्या आम्हा निवृत्तांच्या ग्रुपवर. महाराष्ट्राचा नकाशा, कोपऱ्यात हात जोडून उभा असलेला कुणीतरी भावी नगरसेवक, आणि त्याखाली एखादे काका उसासा टाकून जातात. काय ते दिवस, चाळीत काय धमाल असायची, आता बघा, जोडून सुट्टी आली की सगळे अलिबागला पळतात. पळतात, खरंच पळतात. पळू देत की! ज्यांना तेव्हा पळता येत नव्हतं त्यांच्या जिवावर तुमची धमाल चालली होती, हे कुणी लिहीत नाही.

मी लालबागच्या चाळीत वाढले. ती चाळ आता नाही, तिच्या जागी टॉवर आहे. पुढच्या विंगमध्ये फ्लॅट विकत घेतलेले लोक राहतात, मागच्या विंगमध्ये आम्ही जुने भाडेकरू. आमच्या घरात मी, माझी आई आणि माझा मुलगा. नवऱ्याशी माझं पटलं नाही, मी मुलाला घेऊन आईकडे आले, तो विषय संपला. आई ऐंशीच्या पुढची आहे, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. मुंबईत जन्मली, मुंबईतच म्हातारी झाली, पण घरात मालवणीशिवाय बोलत नाही.

चाळीतला एक मे कसा असायचा ते मी सांगते, कारण ग्रुपवरच्या काकांना अर्धाच आठवतो. सकाळी आम्ही पोरं शाळेत जायचो. शाळेत झेंडावंदन आणि लगेच निकाल. ज्या कुणी हा बेत ठरवला त्याला मुलांचा काहीतरी राग असणार. आधी छाती फुगवून महाराष्ट्राचा जयजयकार करायचा आणि मग वर्गात जाऊन गणितातली लाल रेघ बघायची. प्रगतिपुस्तक पोटाशी धरून घरी यावं तर चाळीच्या अंगणात पताका, लाऊडस्पीकर, खुर्च्यांच्या रांगा. खुर्च्यांवर पुरुष. कडक इस्त्रीचे सदरे, खिशाला बिल्ले. माझे वडील गिरणीत होते. सकाळी ते युनियनच्या गेटसभेला जाऊन यायचे आणि मग चाळीच्या झेंडावंदनाला पुढच्या रांगेत बसायचे.

बायका मागे असायच्या. मागे म्हणजे खुर्च्यांच्या मागे नव्हे, चाळीच्या मागे, सार्वजनिक नळाजवळ, जिथे स्टोव्ह आणि मोठी पातेली मांडलेली असत. झेंडावंदन झालं की शिरा द्यायची पद्धत होती, आणि तो गरम हवा. टाळ्या थांबायच्या आत पहिली ताटली अध्यक्षांच्या हातात पडली पाहिजे, नाहीतर 'बायकांना वेळेचं भान नाही' हे ऐकावं लागे. शिरा माझी आई करायची. रवा भाजायला इतर बायका असत, पण पाणी कधी घालायचं आणि साखर कधी, हे तिच्याशिवाय कुणी ठरवत नसे. तिच्या हाताला चव होती आणि त्या चवीचीच शिक्षा तिला दरवर्षी मिळे.

पुढून घोषणा ऐकू यायच्या, मग टाळ्या, की बायका पदराला हात पुसून ताटल्या भरायला लागत. झेंडा त्यांच्यापैकी कुणीही फडकताना बघितला नव्हता. त्या पुढे येत तोपर्यंत तो वर असायचाच. अंगणात फुलांच्या पाकळ्या पडलेल्या असायच्या, दादरच्या फूलबाजारातून आणलेल्या, आणि त्या कोण झाडणार हेही ठरलेलं असायचं. दुपारी वडील जेवून झोपायचे. कामगार दिनाला कामगार झोपायचा आणि त्याची बायको पातेलं घासायची. खरवड निघता निघत नसे. मी तिच्या शेजारी बसून राख द्यायचे, आणि तेव्हापासून मला हा दिवस आवडत नाही.

झेंडा कोणी लावायचा याचा आमच्या चाळीत नियम होता. नेते नाहीत, पाहुणे नाहीत. चाळीतला सगळ्यात जुना रहिवासी दोरी ओढणार. जुना म्हणजे वयाने नव्हे, तर ज्याला चाळीत राहायला लागून सगळ्यात जास्त वर्षं झाली तो. फार सुंदर नियम, असं काका लोक लिहितात. माझ्या लहानपणी तो मान अध्यक्षांकडे होता. ते तरुणपणी कोकणातून आले, गिरणीत लागले आणि पहिल्या माळ्यावर राहिले. म्हणजे सगळ्यात जुने तेच, असं सगळे धरून चालले होते.

आता यातली गंमत ऐका. माझी आई त्याच चाळीत जन्मली. दुसऱ्या माळ्यावर, सुईणीच्या हातावर. लग्न झालं तेही चाळीतच, तिसऱ्या माळ्यावरच्या मुलाशी, म्हणजे माझ्या वडिलांशी. अध्यक्ष मुंबईत उतरले तेव्हा ती त्या अंगणात सागरगोटे खेळत होती. नियमाने बघितलं तर दोरी तिच्या हातात असायला हवी होती. पण मुलगी लग्न होऊन जाते, म्हणून तिची वर्षं कुणी धरली नाहीत. गेली कुठे? एक जिना वर.

मग संप झाला, गिरण्या बंद पडल्या. त्याबद्दल बरंच लिहून झालं आहे, मी वेगळं काय सांगू? मला एवढंच माहीत आहे की त्यानंतर एक मेला खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या. ज्याला रोजच सुट्टी त्याला सुट्टीचं काय कौतुक! वडील वरच बसून राहायचे. खालून हाका यायच्या, ते जायचे नाहीत. आई मात्र जायची, कारण शिरा कुणीतरी करायला हवा होता. पुढे ऑर्केस्ट्रा आला, मग डीजे, मग बॅनर. बॅनरवर पंधरा चेहरे आणि अंगणात दहा माणसं. वडील गेले, अध्यक्ष गेले, चाळ पडली, आम्ही काही वर्षं परळला भाड्याच्या खोलीत काढली आणि टॉवर झाल्यावर परत आलो. टॉवरमध्ये झेंड्याचा खांब पुढच्या विंगच्या बागेत आहे. गेल्या वर्षी तिथे कमिटीतली दोन-चार डोकी आणि वॉचमन होते. बाकी इमारत बाहेरगावी.

माझ्या मुलाला तर या दिवसाची सुट्टीच नसते. तो परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत नोकरी करतो. काम अमेरिकेचं, म्हणून वेळही अमेरिकेची. रात्रभर जागतो आणि उजाडलं की येऊन झोपतो. मी एकदा म्हटलं, "अरे, कामगार दिनाला तरी?" तो म्हणाला, "आई, आम्ही कामगार नाही, असोसिएट आहोत." मी कपाळाला हात लावला. त्याचे आजोबा गेटसभेत आठ तासांसाठी घसा फोडत होते, आणि याला आपण किती तास राबतो हे मोजायचीही लाज वाटते.

आणि अशा सगळ्या परिस्थितीत यंदा आमच्या सेक्रेटरीला उत्साहाचा झटका आला.

सेक्रेटरी म्हणजे त्याच अध्यक्षांचा मुलगा. चाळीतच वाढला, आईला काकी म्हणतो, मला ताई. वाईट नाही, पण हल्ली त्याला जुन्या दिवसांचा उमाळा येतो. गुढीपाडव्याला गिरगावात गेला होता, तिथे नऊवारी नेसून गॉगल लावलेल्या मुली मोटारसायकलवर बघून आला, तेव्हापासून आपल्याकडेही काहीतरी झालं पाहिजे हे त्याच्या डोक्यात बसलं. त्याने ठरवलं, 'जुन्या चाळीचा एक मे'. बागेत थर्माकोलची चाळ उभी करायची, कठडे, जिने, वाळत घातलेली धोतरं. चाळ पाडायच्या संमतीपत्रावर पहिली सही ह्याचीच होती, आणि आता ह्याला थर्माकोलची हवी!

एप्रिलच्या मधल्या एका संध्याकाळी तो आमच्याकडे आला. आई खिडकीजवळ लसूण सोलत बसली होती.

"काकी, यंदा एकदम जुन्यासारखं करायचं बरं का. तुमच्या हातचा शिरा पायजे. बॅनरवर पण टाकलंय, काकींच्या हातचा शिरा. पुढच्या विंगवाले सगळे एक्सायटेड आहेत."

आईने लसणाची पाकळी बाजूला ठेवली. "झेंडो कोण लावतलो?"

"बिल्डरचे मोठे साहेब येतायत चीफ गेस्ट. त्यांनी आपल्याला बाग करून दिली ना, म्हणून."

"बरा," आई म्हणाली आणि पुन्हा लसूण सोलायला लागली. तो चहा पिऊन गेला. दार लागलं तसं तिने सूप खाली ठेवलं.

"गो, माका ती दोरी ओढूची आसा."

मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "चाळीतलो जुनो माणूस दोरी ओढता, असो नियम होतो मा? मग आता माझ्यापेक्षा जुना कोण उरला सांग." आणि मांडीवरची सालं झटकत, "इतकी वर्सा नुसत्यो टाळ्यो ऐकलंय. माका तो उघडताना बघूचो आसा."

आयुष्यभरात तिने माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. साडी दिली तर कशाला आणलीस म्हणायची, डोळ्यांचं ऑपरेशन करायचं म्हटलं तर दिसतं की मला, म्हणायची, तेही मी धरून नेलं तेव्हा झालं. आणि आज ती सरळ मागत होती. मग मला जो राग आला तो विचारू नका.

दुसऱ्या दिवशी मी सोसायटीच्या ऑफिसात गेले. सेक्रेटरी तिथे थर्माकोलवाल्याशी फोनवर बोलत होता. मी त्याचा फोन संपायची वाट बघितली नाही. म्हटलं, झेंडा माझी आई लावणार, नियमाने तिचाच मान आहे, आणि तुझे वडील लावत होते तेव्हाही तिचाच होता.

तो हसला. "ताई, काय जुनं काढताय. साहेबांना सांगून झालंय. आणि काय आहे, काकी मोठ्या आहेत, पण काका नाहीत आता, शुभ दिवस आहे. मला काय नाय, पण लोक बोलतात."

"झेंड्याला कुंकू लागतं का रे?"

"तसं नाय ओ ताई."

"मग कसं ते सांग."

त्याने कागद इकडचे तिकडे केले, पाणी प्यायला, आणि मग तोडगा काढला. दोरी साहेब ओढतील, काकींनी शेजारी उभं राहून दोरीला नुसता हात लावायचा. फोटोही छान येईल. मला तिथेच त्याच्या अंगावर ओरडावंसं वाटलं, पण म्हटलं मागणी आईची आहे, उत्तरही तिनेच द्यावं. घरी येऊन तिला सांगितलं.

"हात लावूक मी काय करवली आसंय?" ती म्हणाली. "जा, तेका सांग, शिरो मी करूचंय नाय."

"आई, अगं बॅनर छापलेत त्याने."

"मग बॅनर खावा म्हण."

मी हसत सुटले. ती हसली नाही. मग तिने जे सांगितलं ते माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. "शिरो करीत बसलंय तर झेंडो माका दिसाचो नाय. कोण पण लावूदे, मी चुलीकडे नाय. ह्या वर्सा नाय." म्हणजे ती रुसली नव्हती, सूडही उगवत नव्हती. तिने तिचं काम बंद केलं होतं, आणि कशासाठी ते स्वच्छ सांगितलं होतं. माझ्या वडिलांच्या संपातून आमच्या घरात काय आलं ते मी बघितलं आहे. तरी त्या दिवशी मला माझ्या आईचा फार अभिमान वाटला.

सेक्रेटरीने सगळं करून बघितलं. बायकोला पाठवलं, कैऱ्या पाठवल्या, ग्रुपवर 'आपल्या लाडक्या काकी' म्हणून आईचा जुना फोटो टाकला. आईने कैऱ्यांचं लोणचं घातलं आणि बरणी माळ्यावर ठेवून दिली. तो दोनदा स्वतः आला, तेव्हा ती मुद्दाम टीव्हीचा आवाज वाढवून बसली. आदल्या आठवड्यात त्याने हार मानली आणि केटररला सांगितलं. बॅनरवरची 'काकींच्या हातचा' ही अक्षरं पांढरा कागद चिकटवून झाकली, त्यामुळे लांबून आधी तो कागदच दिसायचा.

एक मेच्या आदल्या संध्याकाळी बेल वाजली. सेक्रेटरी दारात, चेहरा पडलेला. साहेब येत नव्हते. जोडून सुट्ट्या होत्या, ते महाबळेश्वरला निघून गेले होते आणि तिथून त्यांच्या माणसाने निरोप धाडला होता.

"काकी, आता तुम्हीच लावा. तुमचाच मान आहे म्हणा."

मान! काल नव्हता, आज साहेब डोंगरावर गेल्यावर उगवला. मी त्याला दारातच झोडणार होते. म्हटलं, "दुसऱ्यासाठी वाढलेलं ताट उरलं म्हणून आमच्यापुढे सरकवतोस होय? आमची आई नाही येणार." असं बोलून मी दार लावायला गेले, तर आईने मागून माझा दंड धरला.

"ताट कोणासाठी वाढला होता ता मी कित्याक बघू?" ती म्हणाली. "भूक माका लागली हा." आणि त्याला विचारलं, "किती वाजता येव?"

सकाळी ती माझ्याआधी उठून बसली होती. ठेवणीतलं इरकली लुगडं, पायात माझ्या चपला, कारण तिच्या जुन्या झाल्या होत्या. मुलगा नुकताच कामावरून येऊन आडवा झाला होता. मी त्याला उठवायला गेले तर ती म्हणाली, "नको, दमलो तो, निजूदे." मला ते पटलं नाही. आजी झेंडा लावणार आणि नातू झोपणार? पण तिच्यापुढे माझं काही चालत नाही. आम्ही दोघीच लिफ्टने खाली आलो.

बागेत थर्माकोलची चाळ उभी होती. तिच्यापुढे वाफेसारख्या उन्हात वीसेक माणसं. पुढच्या विंगमधली काही कुटुंबं, नव्या नऊवाऱ्या, मोबाइल. जुन्यांपैकी चार-पाच. ग्रुपवर उसासे टाकणारे काका एकही नाहीत, ते कर्जतच्या रिसॉर्टमधून नमस्काराचे हात पाठवत होते. एका बाजूला केटररची टेबलं, त्यावर झाकलेला शिरा. स्पीकरवाला एका खुर्चीवर बसून फोनशी खेळत होता. सेक्रेटरीने भाषण केलं. त्यात त्याचे वडील होते, चाळीची संस्कृती होती, 'आमच्या माता-भगिनींचा त्याग' होता. आईने मध्येच माझ्याकडे बघून डोळे मोठे केले, म्हणजे हा कधी संपवणार.

शेवटी तो म्हणाला, "काकी, या." ती खांबापाशी गेली. वर झेंड्याची घट्ट पुडी बांधलेली, आत पाकळ्या. तिने दोरी दोन्ही हातांत धरली, मान मागे टाकली, वर बघत राहिली आणि ओढली.

काही झालं नाही. तिने पुन्हा ओढली. पुडी हलली, उघडली नाही. ज्याने कुणी ती बांधली होती त्याने सरकफासाऐवजी चांगली पक्की गाठ मारली होती. लोकांत हसू पसरलं. सेक्रेटरी घाईने पुढे झाला, "द्या काकी, मी करतो," आणि त्याने दोरीला हात घातला.

"हात काड," आई म्हणाली.

"काकी, उशीर होतोय."

"तुझो बापूस ओढी तेवा कोण हात लावूक येय? काड."

त्याने हात काढला. मीही पुढे झाले होते, तर मलाही म्हणाली, "तू पण थयच ऱ्हव." मग तिने दोरी उलटी सोडत ती पुडी हळूहळू खाली आणली. जमिनीला लागू नये म्हणून पदर पसरून त्यात घेतली आणि गाठ शोधायला लागली. तिच्या बोटांना संधिवात आहे. कुणीतरी म्हणालं, कात्री आणा. कुणीतरी घड्याळ बघितलं.

आणि तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू झालं. स्पीकरवाल्याला सांगून ठेवलं होतं की आजींनी दोरी ओढली की लाव. त्याने फोनमधून मान वर केली, आजी खांबापाशी दिसल्या, त्याने लावलं.

सगळे जिथे होते तिथे ताठ झाले. सेक्रेटरी एक पाय पुढे टाकलेला तसाच. कात्री आणायला निघालेला माणूस वाटेत. आता कुणी पुढे येऊ शकत नव्हतं, कुणी बोलू शकत नव्हतं, आणि खांबावर झेंडा नव्हता. नुसता खांब, आणि त्याला सलामी देणारे लोक. मीही हात बाजूला घेऊन उभी राहिले.

आईचे हात मात्र चालूच होते. तिने मान वर केली नाही. तेव्हा मला समजलं की राष्ट्रगीताला थांबायची सवय तिला कधी लागलीच नाही. अंगणात ते म्हटलं जायचं तेव्हा मागे शिरा ढवळायचा असे, आणि शिरा थांबून राहत नाही, बुडाला लागतो. आमच्या चाळीतल्या बायकांनी राष्ट्रगीत ऐकलं ते नेहमी झाऱ्यासकट. एवढी माणसं पुतळे होऊन उभी, आणि त्यांच्या मधोमध माझी आई काम करत होती. मला रडू आलं, आणि ते पुसायलाही हात हलवता येईना.

गीत संपलं. कुणीतरी सवयीने जयघोष केला, टाळ्या पडल्या, आणि लोक सुटले. झालं, असं सगळ्यांनी ठरवलं. टेबलांवरची झाकणं निघाली, चमचे वाजायला लागले, मोबाइल खिशात गेले. आईची गाठ सुटली तेव्हा निम्म्या लोकांच्या पाठी तिच्याकडे होत्या. तिने झेंडा पुन्हा नीट दुमडला, पाकळ्या आत भरल्या, तिच्या पद्धतीने पीळ दिला, आणि दोरी ओढत वर नेला. कुणाची मदत मागितली नाही. मग एक झटका दिला.

तो उघडला. पाकळ्या तिच्या केसांत, खांद्यांवर पडल्या. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना ऊन सहन होत नाही तिच्या, तरी तिने डोळ्यांवर हात धरला नाही. तशीच वर बघत राहिली, बराच वेळ. मी जवळ गेले. मग ती वळली आणि सेक्रेटरीला हाक मारली. तो हातात ताटली घेऊन आला.

"आता लाव गाणा."

"काकी, झालं ना ते."

"ता तुमचा झाला. आता माझा लाव."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "ऐकलंस ना? लाव." त्याने स्पीकरवाल्याला खूण केली.

पहिले सूर वाजले तसे सगळे पुन्हा जागच्या जागी ताठ झाले. पण आता त्यांच्या हातात ताटल्या होत्या. ठेवायला जागा नाही, खायची सोय नाही. कुणाचा घास तोंडात तसाच होता, तो गिळावा की नाही हे त्याला कळेना. सेक्रेटरी ताटली छातीशी धरून उभा होता. शिरा गार होत होता. आणि माझी आई झेंड्याखाली उभी होती, सरळ, दोन्ही हात बाजूला सोडून, काहीही न करता.